मालकाच्या रकान्यातलं नाव

३ फेब्रुवारी, सोमवार

वहीचं पहिलं पान म्हणून अक्षर नीट काढतोय. पुढे कोंबडीचे पाय होणार हे मला ठाऊक आहे, पण सुरुवात तरी देखणी असावी.

आज नोकरीवर रुजू झालो. पावणे गावच्या औद्योगिक पट्ट्यात एका गाळ्याच्या वरच्या मजल्यावर ऑफिस आहे. खाली बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं बनतात, वर आम्ही तिघं. नंदकिशोर सर म्हणजे मालक. अस्मिता सॉफ्टवेअर तपासते, ऐरोलीहून स्कूटरने येते. आणि तिसरा मी, दिपेश, मूळ मुक्काम बार्शी, काम सर्व्हर सांभाळण्याचं. ऑफिस एकच वस्तू विकतं, ‘गेटपास’. कारखान्याच्या फाटकावर आलेल्या माणसाचा फोटो घ्यायचा, आत गेला की आत, बाहेर पडला की बाहेर अशी वेळ नोंदायची. दुसऱ्यांदा तोच माणूस आला की कॅमेरा चेहरा ओळखतो आणि नाव आपोआप उमटतं. आमच्याच फाटकावर त्याची चाचणी चालू आहे. वॉचमन गोटीराम माझा फोटो काढताना म्हणाले, हसा जरा, लग्नाचा नाय पन नोकरीचा हाय.

खोली सरांनीच लावून दिली. घणसोली गावात, शेवंताबाईंच्या घराच्या दुसऱ्या मजल्यावर. घरं इतकी खेटून आहेत की समोरच्या बाईने फोडणी दिली की ठसका मला लागतो. पण खिडकीत वारा आहे, नळाला दोन वेळ पाणी आहे. एक लोखंडी कपाट कुलूप लावून ठेवलंय, आधीच्या भाडेकरूचं. तो माझ्याच जागेवर काम करायचा. अभिराम त्याचं नाव. ऑक्टोबरात वारला. सरांनी एवढं एकाच वाक्यात सांगितलं आणि विषय बदलला.

तीन महिने उमेदवारी. मग कायमचं पत्र, आणि पत्र हातात पडलं की आईला इथे आणायचं. बार्शीत ती एकटी असते, गुडघे धरून जिना चढते. संध्याकाळी तिला फोन केला. पाणी खारट आहे का, एवढंच तिने तीनदा विचारलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

मेल्या म्हशीला मणभर दूध असं म्हणतात ते काही खोटं नाही. दोन दिवसांत मी अभिरामचं इतकं कौतुक ऐकलं की माणूस जिवंत असता तर लाजला असता. अभिरामने हे एका दुपारी करून दिलं होतं. अभिराम असता तर विचारावं लागलं नसतं. खिडकीजवळचं टेबल त्याचं, म्हणून मला दाराजवळचं. त्याचा निळा मग अजून टेबलावर पालथा आहे. मी चहासाठी उचलला तर अस्मिताने माझ्या हातातून घेतला, पुसला आणि परत ठेवला. सर्व्हरच्या खोक्यावर दसऱ्याला त्यानेच बांधलेली झेंडूची माळ आहे. वाळून तपकिरी झालीये, पण काढायची नाही.

घरी तेच. शेवंताबाई भाजलेला सुका बोंबील घेऊन वर आल्या. आमच्या घरात अंडंही शिजत नाही, वास येताच मी खिडकीशी सरकलो. मी नको म्हटलं तर त्या उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, तो दोन भाकऱ्या खाय याच्यासंगं, कंदी नाय बोलला नाय.

तो कसा गेला ते गोटीरामांनी सांगितलं. गाळ्यांच्या शेवटच्या रांगेमागे खाडीचा बांध आहे. आमच्या ऑफिसात फोनला रेंज नसते, म्हणून अभिराम रोज एकला दहा कमी असताना डबा घेऊन बांधावर जायचा आणि गुहागरला आईला फोन लावायचा. रोज, एक दिवस न चुकता. त्या दिवशी गेला तो परत आला नाही. दुसऱ्या दिवशी ओहोटीला सापडला, चिखलात छातीपर्यंत, उभाच. बांधावर चपला जोडून ठेवलेल्या होत्या, त्यांच्यावर घड्याळ आणि ओळखपत्र. फोन मिळाला नाही. महिन्याभरात त्याच्या आईनेही प्राण सोडले.

ऐकून वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण रोज फोन करायचा हे ऐकताना पोटात थोडं जळलंही, तेही लिहून ठेवतो. वही माझीच आहे.

१० फेब्रुवारी, सोमवार

पहिलं खरं काम आलं. हातमोज्यांच्या एका मोठ्या कारखान्याला गेटपास हवंय, त्यासाठी नवी आवृत्ती सर्व्हरवर चढवायची. सर म्हणाले हे नीट झालं तर पत्र तीन महिन्यांआधी देईन. आईला गुढीपाडव्यालाच आणता येईल.

चढवली. साइट उघडली, नाव घेतलं, फोटो काढला आणि लाल अक्षरं आली, परमिशन डिनाइड. फोटो साठवण्याच्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी नाही. आमचा सर्व्हर ज्या प्रणालीवर चालतो त्या लिनक्समध्ये प्रत्येक फाईलला एक मालक असतो. कोणी वाचायचं, कोणी लिहायचं, कोणी चालवायचं, हे तो मालक ठरवतो. यादी काढली. मालकाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच नाव, अभिराम. चार हजार फाईली. एवढं मोठं काम याने आपल्या खासगी खात्यात मांडून ठेवलं होतं, आणि ही कुठली रीत म्हणून विचारलं तर सर म्हणाले, तो होता तोवर कधी अडलं नाही.

माझ्या नावाचं खातंही मला दिलेलं नाही. सरांच्या खात्यातून काम करतो. त्यातून सगळ्या कुलपांना चावी लागते, म्हणून मी ती परवानगी बदलली. चाललं. घरी येताना वडापाव खाल्ला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

काल दुपारी पुन्हा तीच लाल अक्षरं. परवानगी जशी होती तशी बंद झालेली. पुन्हा उघडली, आज पुन्हा बंद. वेळ पाहिली तर दोन्ही दिवशी बारा पन्नास.

मग सापडलं. अभिरामने रोज बारा पन्नासला आपोआप चालणारी एक छोटी आज्ञा लिहून ठेवली होती. जेवायला जाताना आपल्या फाईली बंद करून जायचा, जसं कोणी खोलीला कुलूप लावतं. हसू आलं. मनात म्हटलं, राजा, आता कोण चोरणार आहे तुझं. आज्ञा पुसून टाकली.

अस्मिताला सांगितलं तर म्हणाली, हो, तो फार काटेकोर होता. म्हणताना आवाज ओला. माझ्या कामाबद्दल हिचा आवाज कधी ओला होईल का, असं मनात आलं आणि माझीच मला लाज वाटली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज्ञा पुसलेली आहे. तीनदा पाहिलं. तरी काल आणि आज एकला दहा कमी होताच फोल्डर बंद.

आज वैतागून मी तो घाणेरडा उपाय केला, जो शिकवताना मास्तर करू नका म्हणून सांगतात आणि अडल्यावर सगळेच करतात. चारही हजार फाईली सगळ्यांना उघड्या केल्या. घराचं दारच काढून बाजूला ठेवल्यासारखं. बारा एकोणपन्नासला यादी उघडून समोर बसलो. मिनिट उलटलं आणि परवानगीची अक्षरं वरून खाली एकेक ओळ बदलत गेली. कोणी ओळीवर बोट ठेवून वाचत यावं तशी. खात्यात आत कोणी नव्हतं. तेही पाहिलं.

हातमोजेवाल्यांना सोमवारची तारीख दिली होती. सर मला रागावले नाहीत. फक्त म्हणाले, अभिराम असता ना... आणि पुढचं गिळलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

तारीख पुढे ढकलली. सरांनी हातमोजेवाल्यांना फोनवर सांगितलं की आमचा जुना माणूस वारला, नवा शिकतोय. नवा शिकतोय. माझं नावसुद्धा नाही.

मला त्याचा हेवा वाटतो. झालं, लिहून टाकलं. मेलेल्या माणसाचा हेवा वाटतो. त्याची जागा हवी, तो निळा मग हवा, खिडकी हवी, अस्मिताचा तो ओला आवाज हवा, शेवंताबाई दारात थांबतात ते थांबणं हवं. एकदा तरी कोणी म्हणावं, दिपेश असता तर. मरायचं मात्र नाही.

आईला फोन करायचा राहिला. चार दिवस झाले बहुतेक.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज केलं ते सरांना सांगितलं नाही. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की अभिरामच्या खात्याला हात लावू नकोस, अस्मिताला वाईट वाटेल. आज ते बाहेर होते. मी अभिरामचं खातं काढून टाकलं. मशीनने एकदाही विचारलं नाही की नक्की का.

यादी पाहिली. मालकाच्या रकान्यात नाव गेलं आणि त्याजागी आकडा उरला, एक हजार एक. हे असंच होतं. लिनक्सला नावं कळत नाहीत, आकडे कळतात. माणूस काढला तरी त्याच्या वस्तू त्याच्या आकड्यावर पडून राहतात, वारस नसलेल्या घरासारख्या. मग मी माझं खातं उघडलं, दिपेश. मशीन नव्या माणसाला पुढचा मोकळा आकडा देतं, आणि मोकळा आकडा होता एक हजार एक.

पुन्हा यादी काढली. चार हजार ओळी, मालक दिपेश. एकाही फाईलीला हात न लावता. आयत्या बिळावर नागोबा म्हणा हवं तर, पण नागोबाला काय थंडगार वाटत असेल ते आज कळलं. घड्याळात एकला दहा कमी होते. काहीही बंद पडलं नाही.

वाळकी माळ काढून टाकली. निळ्या मगात चहा प्यायलो. अस्मिता बघत होती. अर्धा तास आधी निघून गेली.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

हातमोजेवाल्यांच्या फाटकावर गेटपास सुरू झालं. एकदाही लाल अक्षर नाही. माझे हात कळफलकावर असे चालतात की मीच बघत राहतो. सरांनी सगळ्यांसाठी मिसळ मागवली आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, शाब्बास अभिराम. मग जीभ चावली. मी हसलो. सवय आहे त्यांना, जाईल हळूहळू.

संध्याकाळी आईला फोन केला, दहा-बारा दिवसांनी. ती खूश होती. म्हणाली, हल्ली रोज दुपारी फोन करतोस, फार बरं वाटतं बघ, जेवण गोड लागतं. मी म्हटलं, आई, मी कुठे केला. ती हसली. म्हणाली, चेष्टा करतोस होय, सोमवारपासून रोज एकच्या आधी करतोस की, मागे पाण्याचा आवाज येतो.

म्हातारी झाली आई. दिवसांचा घोळ होतो तिचा.

३ मार्च, सोमवार

सकाळी फाटकावर कॅमेऱ्यासमोर उभा राहिलो आणि पडद्यावर नाव उमटलं, अभिराम. गोटीराम हसले. मग हसायचे थांबले आणि पडद्याकडे, माझ्याकडे, पुन्हा पडद्याकडे पाहू लागले. मी म्हटलं जुन्या फाईलींचा घोळ आहे, दुरुस्त करतो.

वर जाऊन नोंदी काढल्या. अभिरामची शेवटची ओळ ऑक्टोबरातली. बाहेर, बारा पन्नास. त्यापुढे आत येण्याचा रकाना चार महिने कोरा असायला हवा. कोरा नाही. आत, २४ फेब्रुवारी, बारा पन्नास.

खाली माझी ओळ. दिपेश. बाहेर, २४ फेब्रुवारी, बारा पन्नास. मी त्या दिवशी जागेवरून उठलोसुद्धा नव्हतो. चहा पीत होतो.

७ मार्च, शुक्रवार

शेवंताबाईंनी कपाट उघडून दिलं. म्हणाल्या, तुजेच हायेत, घाल, किती दिस कुलपात ठेवू. शर्ट होते सहा. खांद्यात बरोब्बर बसले, मी तर त्याच्याहून रोड असणार. पांढऱ्या शर्टाच्या खिशात गुहागर–पनवेल एसटीचं तिकीट होतं. रात्रभराचा तो प्रवास कसा झाला, शेजारी कोण बसलं होतं, हे मला आठवलं. आठवायला नको होतं.

दुपारी अस्मिताने डबा पुढे केला. सुरमईचा तुकडा होता. मी खाल्ला, काटा जिभेने बाजूला काढत खाल्ला, जन्मभर खात आल्यासारखा. ती बघत होती आणि तिचे डोळे भरले होते. म्हणाली, अभि, तुला माझ्या हातचं अजून आवडतं. मी दुरुस्त केलं नाही. मला आवडलं ते. हे सगळं मलाच हवं होतं ना. मग रात्री जेवण का गेलं नाही, ते कळत नाही.

११ मार्च, मंगळवार

आईला फोन लावला. तिने विचारलं, कोण बोलतंय. म्हटलं दिपेश. ती म्हणाली, दिपेशचा फोन आत्ताच येऊन गेला, एकला दहा कमी असताना, तुम्ही कोण. मी तिला आमच्या गल्लीतलं, बाबांचं, माझ्या पायावरच्या भाजल्याच्या डागाचं सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, हे त्यानेच तुम्हाला सांगितलं असेल, तुम्ही त्याच्या ऑफिसातले का, त्याचं नाव घेऊन असं करू नये बाबा.

पायावरचा डाग पाहिला. उजव्या पोटरीवर होता. डावी पाहिली, दोन्ही पाहिल्या.

नाही.

१३ मार्च, गुरुवार

होळी. ऑफिसला सुटी, तरी आलो. माझ्या खात्याचा आकडा बदलायचा, एवढंच करायचं. एक ओळ लिहायची असते. मला कोणाचं काही नको. एक हजार दोन द्या, एक हजार पन्नास द्या.

दिपेशचा आकडा विचारला. उत्तर आलं, या नावाचा वापरकर्ता नाही. एक हजार एक कोण, विचारलं. अभिराम. नवं खातं उघडायला गेलो, दिपेश नावाने. परमिशन डिनाइड. सरांच्या खात्यातून केलं. परमिशन डिनाइड. ज्या चावीने सगळी कुलपं उघडतात तिने.

खोक्यावर झेंडूची माळ आहे. ताजी आहे, देठातून पाणी गळतंय. मी ती कचऱ्यात टाकली होती. या ऑफिसात ती बांधायची सवय एकालाच होती, आणि माझ्या बोटांना झेंडूचा वास येतोय.

१७ मार्च, सोमवार

शेवंताबाईंच्या फोनवरून आईला लावला, म्हणजे तिने उचलावा.

ऑफिसातून बोलतोय म्हटलं. आई इतकी आनंदात होती. म्हणाली, दिपेश घरी आलाय. सकाळच्या एसटीने. येताना तिच्यासाठी गुडघ्याचं तेल आणलं, स्वतः चोळून दिलं. मी दोन वर्षं तेल आणतो आणतो म्हणत होतो. म्हणाली, आमचा पोरगा आता पूर्वीसारखा राहिला नाही, फार माया लावायला लागलाय. देवाने मला पोरगा नव्याने दिला बघा.

मी रडत होतो बहुतेक. मागून कोणीतरी विचारलं, आई, कोणाचा फोन आहे गं.

आवाज माझा होता. पण मी कधी तिला इतक्या प्रेमाने विचारलं नव्हतं.

१८ मार्च, मंगळवार

पत्र मिळालं. कायमची नोकरी. सरांनी दोन्ही हातांनी दिलं, अस्मिताने टाळ्या वाजवल्या. लिहिलंय, श्री. अभिराम यांस. मी म्हटलं, सर, नाव चुकलं. ते माझ्याकडे असे बघत राहिले, म्हणाले, थकलायस, दोन दिवस आराम कर. दिपेश कोण, विचारलं तर म्हणाले, कोण दिपेश.

अस्मिताला विचारलं. तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

तरी फाटकावरच्या गोटीरामांना थोडं आठवतं. म्हणाले, एक बारका पोरगा आल्ता खरा, बार्शीचा. लई जळायचा तुमच्यावर.

१९ मार्च, बुधवार

बार्शीला निघालो होतो. वाशीला एसटीत बसलो, खिडकीची जागा, तिकीट काढलं. घाट चढताना —

एकला दहा कमी असताना बांधावर उभा होतो. मधलं आठवत नाही. खिशात तिकीट आहे, भोक पाडलेलं. पायाला चिखल, पोटरीपर्यंत.

शेवंताबाई म्हणाल्या, इतका उशीर नको करू, आईला फोन केलास ना.

कोणाच्या आईला.

मला त्याचा हेवा वाटतो. दिपेशचा. त्याला नाव आहे, घर आहे, तिच्या हातची ज्वारीची भाकरी आहे. तिला तोच बरा वाटतो, आणि तो बराच आहे माझ्याहून, हे —

२० मार्च, गुरुवार, बांधावरून

वही बरोबर आणलीये. घड्याळात पाऊण वाजून तीन मिनिटं. ओहोटी. तिवरांच्या मुळांशी खेकडे फिरतायत, लांब पाण्यात रोहित पक्षी उभे आहेत. ऊन आहे. घाबरण्यासारखं काही नाही, दिवसाउजेडी —

आईने माझा फोन घेणं बंद केलंय. सकाळी शेवटचा घेतला तेव्हा म्हणाली, पुन्हा केलात तर पोलिसात देईन, आमच्या मुलाच्या वाईटावर आहात तुम्ही.

खाली वाजतोय. चिखलात. एक फोन अर्धा वर आलाय, पडदा पेटलेला. पाच महिने पाण्यात होता तो. इथून वाचता येतं. आई.

तीच असेल. तिला कळलं असेल. आईला कळतंच, आवाज कितीही —

तीन पावलं. फार तर चार. उचलला की एवढंच सांगायचं, तो घरातला मी नव्हे, मी इथे आहे. ती ओळखेल. मी कमी फोन करायचो, तेल आणलं नाही, तरी ओळखेल. तिला चांगला मुलगा हवा असेल तर मी

चपला जोडून ठेवतोय, चिखलात राहतील नाहीतर. वर घड्याळ. ओळखपत्र. ओळखपत्रावर नाव त्याचंच, फोटो आता

वाजणं थांबलं नाही अजून. बारा पन्नास. वही इथेच ठेवतो, कोणाला मिळाली तर बार्शीला कळवा की मी दि